ऑटमार श्वेंकने पंखा गप्प केला

क्नोप्फले मास्तरांचं पत्र गुरुवारी सकाळी आलं. समोरच्याच घरातून, म्हणजे मोजून बावीस पावलांवरून, पण टपालाने आलं, वर तिकीट लावून. त्या अंगणाची रीतच तशी होती. नऊ घरं, मध्ये फरसबंद अंगण, गाड्या लावायला आखलेले पांढरे पट्टे, आणि भांडायचं झालं तर ते कागदावर. समोरासमोर आले की सगळे एकमेकांना हसून नमस्कार करायचे आणि घरात शिरून पत्र लिहायला बसायचे.

"महोदय," मास्तरांनी लिहिलं होतं, "बुधवारी दुपारी एक वाजून सहा मिनिटांनी आपण आपली गाडी उभी केलीत व घरात गेलात. गाडीत कोणीही नसताना तिच्यातील पंखा सहा मिनिटे वीस सेकंद फिरत होता. अंगणाच्या नियमावलीतील नियम सातवा पाहावा. कळावे."

नियम सातवा ऑटमार श्वेंकला पाहायची गरज नव्हती. तो त्यानेच लिहिला होता. दुपारी एक ते तीन आणि रविवारी अख्खा दिवस, अंगणात कुठल्याही यंत्राचा आवाज दोन मिनिटांच्या वर होता कामा नये. ऑटमारने अडतीस वर्षं भूमापन कचेरीत लोकांच्या हद्दी मोजण्यात काढली होती आणि निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही म्हणून तो आवाज मोजायला लागला होता. त्याची एक वही होती. तिच्यात कोणाच्या घरी कधी ड्रिल चाललं, कोणाचं पोर कधी रडलं, सगळं दोन रंगांच्या शाईत. नियम सातवा तर खास क्नोप्फले मास्तरांच्या कुंपण कापायच्या यंत्रासाठी जन्माला घातलेला. मास्तर चार वर्षं मूग गिळून बसले होते, स्टॉपवॉच हातात घेऊन.

हेडविगने, म्हणजे ऑटमारच्या बायकोने, पत्र वाचलं आणि ती इतकी हसली की लोणी लावलेला ब्रेत्झेल पाव तिच्या हातातून बशीत पडला.

"यात हसण्यासारखं काय आहे?" ऑटमारने विचारलं.

"अरे, तो पंखा फिरायलाच हवा. गाडी बंद केली की इंजिनातलं पाणी फिरायचं थांबतं, पण इंजिनाचं लोखंड तापलेलंच असतं. ती धग जाणार कुठे? म्हणून पंखा बॅटरीवर फिरत राहतो. निवलं की आपोआप थांबतो. मास्तरांना सांग, माझ्याकडे या, मी समजावते."

हे ती अंदाजाने सांगत नव्हती. खाली खोऱ्यात गाड्यांच्या पंख्यांचा कारखाना आहे, तिथे तिने एकतीस वर्षं पंख्याच्या मोटारीत कार्बनचे ब्रश बसवले होते आणि पाती बॅलन्स केली होती. गाव ज्याच्यावर वसलंय त्या आल्बच्या पठारावर फिरणाऱ्या अर्ध्या गाड्यांचे पंखे तिच्या हाताखालून गेले असतील. पण ऑटमारच्या लेखी कारखाना म्हणजे हात, आणि कचेरी म्हणजे डोकं. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली तरी या वाटणीत फरक पडला नव्हता.

"नियमात 'कुठल्याही यंत्राचा' असं लिहिलंय," तो म्हणाला. "'फिरायलाच हवं अशा यंत्राचा सोडून' असं लिहिलेलं नाही."

"मग लिही की."

"नियमावली बदलायला नवाच्या नऊ घरांच्या सह्या लागतात. म्हणजे मी क्नोप्फलेकडे सही मागायला जाऊ?"

"मग पंख्याला समजाव बाबा," हेडविग म्हणाली आणि उठली. तिला या पोरखेळाला वेळ नव्हता. तिला गायचं होतं.

हे गाणं म्हणजे तिच्या जिवाचा ठेवा होऊन बसलं होतं. सव्वीस वर्षं ती गावच्या क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, खालच्या पट्टीत, दुसऱ्या रांगेत, डावीकडून चौथी उभी राहत होती. येत्या रविवारी मठाच्या चर्चमध्ये जुनं स्तोत्र गायचं होतं, त्यात खालच्या पट्टीला एकटीने म्हणायच्या सोळा ओळी होत्या. त्यासाठी स्टुटगार्टहून बोलावलेली गायिका घसा धरून झोपली, आणि क्वायर चालवणाऱ्या लिंकबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवून म्हटलं, "हेडविग, तू." हेडविग अडुसष्ट वर्षांची होती. पुन्हा कोणी "हेडविग, तू" म्हणेल याची तिला मुळीच खात्री नव्हती.

लिंकबाई मात्र भारी कडक. कार्यक्रम पाचला, तालीम साडेतीनला. "साडेतीनला जी आपल्या जागेवर नाही, ती आजारी आहे असं मी समजते," त्यांनी बजावलं होतं. आणि क्वायरमध्ये तिच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या बॉसलरबाईंनी त्या सोळा ओळी केव्हाच पाठ करून ठेवल्या होत्या. "अगं, नुसत्या असाव्यात म्हणून," त्या म्हणाल्या होत्या, अगदी गोड चेहऱ्याने.

रविवारी पारा चौतीसवर गेला. मठ चाळीस मिनिटांवर, तरी ऑटमारने दोनलाच निघायचं ठरवलं. हेडविग गळ्यापर्यंत बंद असा काळा लांब पोशाख घालून बसली, मांडीवर स्वरलिपीची वही, हातात घशासाठी सेज या औषधी पाल्याच्या कोमट चहाची बाटली. ऑटमारने गाडीचा एसी लावला नाही. "तुझ्या घशाला गार वारा लागेल," तो म्हणाला. हेडविगला क्षणभर बरं वाटलं. एवढा विचार तो सहसा करत नसे.

पठाराच्या सरळ रस्त्यावर सगळं झकास चाललं होतं. पुढे खोरं उतरून पलीकडचा घाट चढायचा होता. घाटाच्या पहिल्याच वळणानंतर गाड्या उभ्या. रस्त्याचं काम निघालेलं, अर्धा रस्ता खणलेला, आणि वर कुठेतरी एक तात्पुरता सिग्नल, जो एका वेळी सातआठ गाड्या सोडून पुन्हा लाल होत होता. पुढे तळ्यावर पोहायला निघालेलं अख्खं खोरं. गाडी दहा हात सरके आणि थांबे, चढावर, क्लचवर, भर उन्हात.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी ऑटमारने हात लांब करून हीटर लावला. पूर्ण.

तापलेल्या हवेचा झोत हेडविगच्या तोंडावर आला तेव्हा तिला वाटलं, चुकून झालं असेल. तिने बटण फिरवलं. ऑटमारने ते परत होतं तिथे आणलं.

"ऑटमार, हीटर लागलाय."

"माहीत आहे."

"बाहेर चौतीस आहे."

"इंजिनाला बरं असतं. तूच म्हणायचीस ना, हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच?"

म्हणायची, हे खरं होतं. इंजिनातलं गरम पाणी हीटरमधूनही फिरतं, म्हणून आत हवा सोडली की इंजिनाची थोडी धग गाडीत येते आणि ते निवतं. पण हा शेवटचा उपाय, पंखा बिघडला तर करायचा. हेडविगने वाकून काट्याकडे पाहिलं. एरवी मधोमध झोपलेला काटा लाल पट्टीच्या बोटभर अलीकडे आला होता. मग तिने खिडकी खाली करून कान दिला. एकतीस वर्षं जो आवाज ऐकला, तो ती झोपेतही ओळखली असती. शेजारच्या गाडीचा येत होता, पुढच्या गाडीचा येत होता. आपल्या गाडीतून काहीच नाही.

"पंखा फिरत नाहीये," ती म्हणाली.

"गाडी चालताना पंख्याची गरज नसते. समोरून वारा येतो."

"वारा? अरे, ताशी तीनच्या वेगाने चाललोय आपण! वारा कुठून येणार, तुझ्या वहीतून? उभ्या गाडीत हवा ओढायलाच तर तो पंखा असतो! पाणी पंचाण्णववर गेलं की सेन्सर सांगतो, मग पंखा लागतो. इतका वेळ लागायलाच हवा होता. बिघडला की काय?"

ऑटमार समोरच्या गाडीची नंबरप्लेट वाचत राहिला.

"ऑटमार. तू काही केलंस का?"

"फ्यूज काढलाय," तो म्हणाला. "गुरुवारी. फक्त उन्हाळ्यापुरता."

 पंखा उन्हाळ्यापुरता बंद! हे म्हणजे हिवाळ्यापुरती शेगडी विझवण्यासारखं झालं, आणि ते तो अशा सुरात सांगत होता जणू कुंडी आत आणून ठेवली.

"कुठे आहे फ्यूज?"

"तळघरात. तिसऱ्या खणात. पिशवीवर नाव, तारीख, सगळं लिहून ठेवलंय," आणि हे सांगताना त्याच्या आवाजात किंचित अभिमान होता, त्याला काय करायचं! "हे बघ, चिडू नकोस. मी नियम केला आणि मीच मोडला, असं त्या माणसाने सगळ्या अंगणात सांगत सुटायचं का? माझी काय किंमत राहिली?"

"आणि माझी?" हेडविग म्हणाली. तिच्या जिभेला कोरड पडली होती. सेजचा चहा संपला होता आणि हीटरचा झोत अजून सरळ तिच्या गळ्यावर येत होता. "पावणेतीन झालेत. साडेतीनला बॉसलरबाई माझ्या जागेवर उभ्या राहतील. सव्वीस वर्षांनी मिळालंय रे मला, आणि तू ते त्या मास्तरांच्या स्टॉपवॉचवर ओवाळून टाकलंस?"

काटा लाल पट्टीला टेकला. "बाजूला घे," ती म्हणाली. "आत्ता. उकळायला लागलं तर पाणीही जाईल आणि इंजिनही."

सुदैवाने वळणावर लाकडाच्या ओंडक्यांसाठी ठेवलेली मोकळी जागा होती. ऑटमारने गाडी तिथे घातली, बंद केली आणि गाडीवाल्यांच्या क्लबला फोन लावला. घाटात गर्दी आहे, दोन तास लागतील, असं उत्तर आलं. "दोन तास," त्याने समाधानाने सांगितलं, जणू वेळ ठरली म्हणजे काम झालं.

हेडविग तोवर उतरून बोनेट उघडून उभी होती. फ्यूजच्या डबीचं झाकण काढून तिने आतला नकाशा पाहिला. पंख्याची जागा रिकामी, तीस अँपिअरची. दोन खणांपलीकडे मागच्या काचेचं दव घालवणारी तार, तिचाही तीस अँपिअर, तसाच हिरवा. जुलै महिन्यात मागच्या काचेला कसलं आलंय दव?

"हा काढून तिथे लावते," ती म्हणाली.

"हात लावू नकोस!" ऑटमार ओरडला. "एका कामाचा फ्यूज दुसऱ्याला लावणं म्हणजे गाडीत फेरफार. फेरफार म्हणजे परवाना रद्द. परवाना रद्द म्हणजे विमा रद्द."

"आणि पंख्याचा फ्यूज काढून तळघरात ठेवणं म्हणजे काय?"

यावर ऑटमारने नेहमीचं केलं, म्हणजे दुसरा नियम काढला. "आधी त्रिकोण लावायला हवा. बंद पडलेल्या गाडीच्या मागे, शंभर मीटरवर." त्याने चमकणारं पिवळं जाकीट चढवलं, डिकीतून धोक्याचा लाल त्रिकोण काढला आणि तो घाट उतरायला लागला. गाडी रस्त्याच्या पार बाहेर उभी होती आणि मागची प्रत्येक गाडी गोगलगायीसारखी सरकत होती. पण ऑटमार एकेक पाऊल सारखं टाकत, मोठ्याने आकडे म्हणत निघाला.

तो वळणाआड जायच्या आत हेडविगने चिमट्याने फ्यूज उपसून पंख्याच्या जागी दाबला होता. मग आत बसून किल्ली फिरवली.

पंखा लागला. आधी एक गुरगुर, मग पुरा जोर, आणि बोनेटखालून गरम हवेचा लोट बाहेर पडला. हेडविगच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला कोणाचं कधी एवढं कौतुक वाटलं नव्हतं. तिने इंजिन तसंच मंद चालू ठेवलं, म्हणजे पाणी फिरत राहील आणि पंखा त्यातली धग काढत राहील. काटा हलेना. मग केसभर हलला. मग जणू लाज वाटून खाली यायला लागला.

काटा मधोमध आला तेव्हा तीनला तीन मिनिटं कमी होती. तिने उतरून बोनेट बंद केलं आणि ती परत आत बसली. वर सिग्नल हिरवा झाला होता, रांग हलत होती, आणि एका भल्या माणसाने तिला मध्ये घ्यायला जागा सोडली होती.

"ऑटमार!" तिने खिडकीतून हाक मारली. "चल! झालं!"

वळणाखालून आवाज आला, "मध्ये बोलू नकोस! एकशे बारा!"

"अरे, गाडी चालू झाली! ये परत!"

"वळण असलं की वळणाच्या पलीकडे लावावा लागतो! एकशे तेरा!"

तिसऱ्यांदा हाक मारून तिने हॉर्नही वाजवला. मागच्या भल्या माणसानेही वाजवला. घाटावर फक्त एवढंच ऐकू आलं, "एकशे सोळा!"

हेडविगने एकदा वळणाकडे पाहिलं. मग पहिला गिअर टाकला आणि ती गेली.

तीन अठ्ठावीसला ती दुसऱ्या रांगेच्या पुढे, एकटीच्या जागेवर उभी होती. केस विस्कटलेले, हाताला ग्रीसचा काळा डाग. बॉसलरबाईंनी आपली वही हळूच मिटली. लिंकबाईंनी डाग पाहिला आणि पाण्याचा पेला पुढे केला.

पाचला चर्च भरलं. चौथ्या रांगेत एक खुर्ची रिकामी राहिली. दर कार्यक्रमाला ऑटमार तिथे बसायचा, मांडीवर स्वरलिपी आणि हातात टोकदार पेन्सिल घेऊन. बायको कुठे घाईत गेली, कुठे अर्ध्या सुराने उतरली, तिथे तो बारीक फुली मारायचा आणि घरी जाताना गाडीत एकेक फुली वाचून दाखवायचा. मदत म्हणून. हेडविगने त्या खुर्चीकडे पाहिलं आणि सोळा ओळी म्हटल्या. एकदाही तिला ती पेन्सिल कागदावर टेकलेली ऐकू आली नाही. तिचा आवाज इतका सरळ वर गेला की तो आपलाच आहे हे तिला तिसऱ्या ओळीला कळलं, आणि मग तिला इतका आनंद झाला की शेवटची ओळ संपूच नये असं वाटलं.

सहा वाजता बाहेर सगळे गार पेय घेऊन उभे असताना क्लबची पिवळी गाडी आली. तिच्यातून पिवळ्याच जाकिटातला ऑटमार उतरला, उन्हाने टोमॅटोसारखा लाल झालेला. गाडी चालवणारा माणूस हसून हसून बेजार होता. "आजवर बंद पडलेल्या खूप गाड्या पाहिल्या," त्याने आल्या आल्या सगळ्यांना सांगितलं, "पण गाडीच नाही आणि त्रिकोण मात्र लावलाय, असं पहिल्यांदा पाहिलं. आणि साहेब शेजारी उभे!"

अख्खं क्वायर हसलं. बॉसलरबाई सर्वांत मोठ्याने.

"तू मला सोडून गेलीस," ऑटमार हेडविगला म्हणाला.

"तीनदा हाक मारली. तू मोजत होतास."

"लोक गाडी थांबवून विचारत होते, येता का म्हणून. मी म्हटलं, माझी बायको येईल परत." हे तो अगदी लहान आवाजात म्हणाला, आणि हेडविगला वाईट वाटलं. खरंच वाटलं. तिने आपला पेला त्याच्या हातात दिला आणि त्याने तो एका दमात संपवला. मग त्याने तोंड पुसलं, खिशात हात घालून पेन्सिल काढली आणि विचारलं, "बरं, कितीशा चुका झाल्या?"



"ठाऊक नाही," हेडविग म्हणाली. "मोजायला कोणी नव्हतं. म्हणूनच सव्वीस वर्षांत आज पहिल्यांदा मी नीट गायले, ऑटमार. तू नव्हतास म्हणून."

ती हे रागावून म्हणाली नव्हती, आणि तेच त्याला झोंबलं. रागाला त्याच्याकडे उत्तर असायचं. त्याने सवयीने लिंकबाईंकडे पाहिलं, त्या काही तरी दुरुस्त करतील म्हणून. लिंकबाई त्याची नजर चुकवून फरसबंदीकडे पाहत राहिल्या.

"मग पुढच्या कार्यक्रमाला मी..." त्याने सुरुवात केली.

"पुढच्या कार्यक्रमाला घरी बस," हेडविग म्हणाली आणि लिंकबाईंकडे वळून पुढची तालीम कधी, ते विचारू लागली.